विदर्भातल्या रेल्वेला उन्हाळी वेळापत्रक कधी?

३० मे २०२४ च्या संध्याकाळी माझ्या फोनला उसंत नव्हती. नागपूरच्या रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतात हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे, त्याने त्या दिवशी ५६ अंश दाखवले. टीव्हीवर लाल पट्ट्या, व्हॉट्सॲपवर ज्या ग्रुपवर जावं तिथे तोच स्क्रीनशॉट. पुण्याच्या भाच्याने विचारलं, "मामा, तुमचे रूळ वितळले का?" पुढे खात्यानेच खुलासा केला की सेन्सर बिघडला होता, जवळच्या दुसऱ्या केंद्रांवर आकडा ४४ च्या आसपास होता. प्रकरण तिथेच मिटलं.

भाच्याला म्हटलं, पोलाद वितळायला चौदाशेच्या वर अंश लागतात, तू निवांत झोप. पण ५६ ची नवलाई मला सांगू नको. नागपूर-वर्धा लाईनचा रूळ मे महिन्याच्या दुपारी साठीच्या वर जातो. दरवर्षी जातो आणि त्याची लाल पट्टी कुठेच येत नाही.

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या रेलपथ विभागात, म्हणजे रुळांच्या देखभालीत गेली. आधी लोक पीडब्ल्यूआय, म्हणजे लाईनचा इन्स्पेक्टर म्हणायचे, नंतर पदाचं नाव सिनियर सेक्शन इंजिनिअर झालं, गँगमनचे ट्रॅकमन झाले आणि ट्रॅकमनचे ट्रॅक मेंटेनर. काम मात्र तेच: स्लीपर (रुळाखालचे आडवे ठोकळे), गिट्टी (त्यांच्याभोवतीची खडी), चाबी (रूळ स्लीपरला आवळणारी), नाली. आता अजनीत राहतो, सकाळी फिरायला जातो आणि पुलावर उभं राहून दुसऱ्यांच्या कामात चुका काढतो. बायको म्हणते, पेन्शन त्याचीच मिळते का?

हवेचं तापमान सावलीत मोजतात, पांढऱ्या जाळीदार पेटीत. रूळ उन्हात पडलेला असतो, त्याला कोण सावली देणार? हवा ४५ असेल तर रूळ आणखी पंधरा-वीस अंश वर. तो मोजायची आमची जुनी पद्धत मला अजून आवडते. रुळाचाच एक छोटा तुकडा घ्यायचा, त्याच्या माथ्यात भोक पाडायचं, भोकात पारा भरून त्यात थर्मामीटर बसवायचा आणि तो तुकडा लाईनशेजारी उन्हात ठेवायचा. मग पंचवीस-तीस मिनिटं थांबायचं, कारण लोखंडाला घाई नसते. डायलवाले थर्मामीटर आले तेव्हा सात-आठ मिनिटांत काम होऊ लागलं, तरी आमचे मेट, म्हणजे गँगचे मुकादम, जुन्यावरच विश्वास ठेवायचे. ते तर थर्मामीटर बघायच्या आधीच सांगायचे, "सायेब, लाईन तापून राहिली जी. आता गिट्टीले हात नोका लावू."

ते वाक्य नीट समजलं तर हवामानबदल आणि रेल्वे हा विषय अर्धा समजला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोकांचा पक्का समज असतो की पूर्वी दोन रुळांत फट ठेवायचे म्हणून रूळ वाकत नसत, आता ठेवत नाहीत म्हणून वाकतात. फट होती हे खरं. तेरा मीटरचा रूळ, दोन टोकं फिशप्लेटने जोडलेली, मध्ये काही मिलिमीटरची जागा. मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात गेलात तर तो काळ बघायला मिळतो. पण त्या फटीवर प्रत्येक चाक आदळायचं. रुळाची टोकं झिजायची, बोल्ट सैल व्हायचे, खालचा स्लीपर बसायचा. आमच्या आधीच्या पिढीचं आयुष्य जोड दुरुस्त करण्यात गेलं. मग रूळ वेल्ड करून सलग झाले. आता कित्येक किलोमीटर एकच रूळ असतो आणि त्याच्या दोन टोकांशी खास सरकते जोड.

सलग रूळ मोकळा सोडला आणि २५ अंशांनी तापला, तर किलोमीटरमागे सुमारे २९ सेंटीमीटर वाढेल. पण तो मोकळा नसतो. चाब्यांनी स्लीपरला आवळलेला, स्लीपर गिट्टीत रुतलेला. वाढू दिलं नाही की वाढ जोर होऊन आतच साठते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात अंशामागे साधारण १.९ टन. पंचवीस अंशांना एका रुळात सत्तेचाळीस टन, दोन्ही मिळून पंचाण्णव. म्हणजे कोळशाने भरलेली एक अख्खी वाघीण लाईनच्या टोकावर दाबून धरल्यासारखा जोर, आणि तो दुपारभर तसाच. गिट्टीने धरून ठेवलं तर काहीही दिसत नाही. सोडलं तर लाईन क्षणात बाजूला उसळते, नागमोडी होते.

पंचवीस अंश कुठून मोजायचे, हा खरा प्रश्न. रूळ बसवताना एक तापमान ठरवतात, ज्याला त्यात ना ओढ असते ना दाब. त्या भागातल्या सर्वांत तापलेल्या आणि सर्वांत थंड रुळाच्या सरासरीच्या आसपास ते धरतात. आमच्याकडे चाळीस धरा. चाळीसच्या खाली गेलं की रूळ ताणला जातो, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तुटतो. चाळीसच्या वर गेलं की दबतो आणि मे महिन्यात उसळायला बघतो. नागपुरात हवेचाच पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत गेला होता आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये ३.५ वर उतरला होता. दोन्ही टोकं सांभाळायची ती एकाच रुळात.

१९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये कॉनिंग्सबीला ४०.३ अंश झाले तर तिथली रेल्वे कोलमडली, मोठ्या लाईनी बंद ठेवाव्या लागल्या. आपल्याकडे खूप लोक हसले. चाळीस म्हणजे आपला मार्चअखेर! हसायचं कारण नव्हतं. त्यांचे रूळ २७ अंश धरून बसवलेले असतात, कारण त्यांना हिवाळा सांभाळायचा असतो. रूळ कुठेही ठरलेल्या तापमानापासून काही अंशांच्या अंतरापर्यंतच सहन करतो. आपलं अंतर वरून सुरू होतं एवढंच. ते संपत नाही असं नाही.

आता मेट म्हणायचे त्याकडे येतो. ठरलेल्या तापमानाच्या वर दहा अंशांपर्यंतच गिट्टीला हात लावायची परवानगी असते. म्हणजे रूळ पन्नासवर गेला की पॅकिंग, लिफ्टिंग, लाईन सरळ करणं, सगळं बंद. कारण गिट्टी हलवली की तिची पकड सुटते आणि पकड सुटलेल्या जागी तो पंचाण्णव टनांचा जोर वाटच बघत असतो. वीस अंश वर गेला की, म्हणजे साठ झाले की, गरमीची गस्त सुरू. माणूस लाईनीवरून चालत जातो आणि लाईन बघतो.

मे महिन्यात आमच्याकडे रूळ सकाळी दहा-साडेदहालाच पन्नास ओलांडतो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला परत खाली येतो. म्हणजे दिवसाच्या कामाचा गाभाच गेला. उरली पहाट, आणि रात्र.

उन्हाळ्याची ही गोष्ट बातम्यांत कधीच येत नाही. बातमी रूळ वाकल्याची येते. रूळ वाकणं ही क्वचितची गोष्ट आहे, आणि ती क्वचितची राहते कारण कोणीतरी बाकीचं वर्षभर गिट्टी भरत असतो. तापमान वाढल्याने सगळ्यात आधी आक्रसतात ते हे गिट्टी भरायचे तास. आमचं वर्ष असं असायचं: पावसाळा नाल्या, पूल आणि रात्रीच्या गस्तीत जायचा. डिसेंबर-जानेवारी रूळ तुटण्याच्या धास्तीत. मोठी कामं, म्हणजे गिट्टी खोलवर छानणं, मशीनने लाईन बांधणं, ताण काढणं, ही दिवाळीच्या आगेमागे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यातले फेब्रुवारी-मार्च आता हातातून चालले आहेत. २०२२ चा मार्च हा दिवसाच्या तापमानात १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च होता. पुढच्याच वर्षीच्या फेब्रुवारीने तसाच विक्रम केला. वर आमच्या विदर्भात मार्च-एप्रिलची गारपीट. संत्रेवाले त्याचं रडगाणं गातात आणि त्यांचं बरोबरच आहे, पण लाईनीवर मशीन लावून बसलेल्या माणसाचा ब्लॉकही, म्हणजे दुरुस्तीसाठी लाईन बंद ठेवून मिळालेला वेळही, त्याच गारांत वाहून जातो.

ताण काढणं म्हणजे काय ते एकदा बघण्यासारखं असतं. लाईन बंद घेतात. रूळ कापतात. मग दोन्ही बाजूंना दूरपर्यंत चाब्या काढत जातात, हातोड्याचा आवाज लांब लांब जात राहतो. रूळ उचलून ठरावीक स्लीपरांवर रोलर सरकवतात, म्हणजे तो खाली अडकणार नाही. मग पोरं लाकडी मोगऱ्या घेऊन रुळाच्या बाजूने ठोकत चालतात. ठोकलं की रूळ अंगातला ताण सोडतो आणि स्लीपरवर खडूने केलेल्या खुणेपासून सरकतो. कधी दोन मिलिमीटर, कधी वीस. आपण उकिडवं बसून खूण बघायची. निर्जीव लोखंड डोळ्यांदेखत सरकतं! रूळ थंड असेल तर टेन्सर लावून जितका हवा तितका ओढतात, वेल्ड करतात, चाब्या परत ठोकतात. या सगळ्याला सलग काही तास लागतात. मध्ये कंट्रोलचा, म्हणजे गाड्या सोडणाऱ्या नियंत्रण कक्षाचा फोन आला की, "किती वेळ अजून? मागे राजधानी उभी आहे", तर वेल्ड काही लवकर थंड होत नाही.

आणि ब्लॉक मागायचा त्याच उन्हाळ्यात कोळशाचीही घाई असते. २०२२ च्या एप्रिलअखेरीस देशभर उष्णतेची लाट होती, विजेची मागणी चढली, औष्णिक केंद्रांत कोळसा कमी पडला. रेल्वेने कोळशाच्या मालगाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. गोंदियाकडच्या लोकांना ते दिवस चांगलेच आठवत असतील. एकाच उन्हाने कूलर लावायला लावले, कोळसा मागवला, मालगाड्या वाढवल्या, रूळ तापवला आणि त्या रुळाला दुरुस्तीसाठी मोकळा वेळ मिळणं अवघड केलं.

एका वस्तीजवळचा प्रसंग सांगतो. वस्तीतून पलीकडच्या शाळेकडे जायला लोकांनी लाईन ओलांडून पायवाट पाडली होती. पुलाला वळसा पडतो, लोक तरी काय करणार. पण रोज शेकडो पावलं पडून स्लीपरच्या टोकाबाहेरचा गिट्टीचा खांदा खाली बसला. सरळ लाईनीवर हा खांदा ३५० मिलिमीटर रुंद लागतो, तिथे वीतभरही उरला नव्हता. दुपारच्या गस्तीवरच्या कीमॅनला, म्हणजे लाईन तपासत चालणाऱ्या माणसाला, स्लीपरच्या टोकाशी गिट्टी सरकलेली दिसली, टोक आणि गिट्टी यांच्यामध्ये बोटभर फट. लाईन अजून सरळच दिसत होती. त्याने पाच मिनिटं तिथेच बसून बघितलं आणि फट वाढत असल्याची खात्री केली. मग लाल झेंडी लावली आणि पळाला. नियम असा की ६०० मीटरवर रुळावर एक फटाका (चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारा) आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरने तीन. बाराशे मीटर, गिट्टीतून, मे महिन्यात अडीच वाजता, बूट घालून. गाडी थांबली. आम्ही घमेल्यांनी गिट्टी नेऊन खांदा भरला, ऊन उतरेपर्यंत लाईन बंद ठेवली, मग पहिली गाडी वीसच्या वेगाने काढली. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या: तांत्रिक बिघाडामुळे गाड्या उशिरा. तो तांत्रिक बिघाड म्हणजे एका माणसाची नजर होती.

आता सेन्सर आले आहेत, रुळाचं तापमान ऑफिसात बसून दिसू शकतं, गस्तवाल्याकडे जीपीएस असतं. चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त २०२४ चा ५६ चा आकडा विसरू नका. बोटभर फट दिसायला तिथे उकिडवं बसावं लागतं.

रुळाला पांढरा रंग द्यायची कल्पना मला बरेच जण पाठवतात. ब्रिटनमध्ये नाजूक जागी देतात, पाच-दहा अंश फरक पडतो म्हणे. सांध्या-काट्यांजवळ, पुलांच्या तोंडाशी जरूर द्यावा. पण आमच्याकडे कोळशाच्या मालगाड्या दिवसरात्र धावतात, तो रंग किती दिवस पांढरा राहील याचा अंदाज बल्लारशाह लाईनवर एक फेरी मारून घ्यावा. वरच्या विजेच्या तारेची काळजी मला कमी वाटते. स्टेशनच्या पुढे खांबांना वजनांच्या चळती लटकलेल्या दिसतात ना, तार उन्हाने लांबली की त्या खाली येतात आणि तार ताठ ठेवतात. साधी युक्ती आहे, पण उपयोगी.

पावसाबद्दलही लिहायला हवं, कारण नागपूरकराला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवतेच. शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यातला बराचसा दोनेक तासांत. अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, मोरभवनचं बसस्थानक बुडालं, चौघांचा जीव गेला. वर्षाची सरासरी बघितली तर काही विशेष नाही. पण पूल आणि मोरी सरासरीवर वाहत नाहीत. पाणी तासाला किती आलं यावर त्यांचं सगळं गणित. भुसावळहून नागपूरपर्यंत लाईन १८६७ साली आली, तेव्हा आजूबाजूला शेतं होती. त्या शेतांत आता सिमेंट रस्ते, ले-आउट, मॉल. शेतात पडलेलं पाणी मोरीशी यायला वेळ घ्यायचं, सिमेंटवरचं धावत येतं. आपल्याकडे साधारणपणे पन्नास वर्षांतून एकदा येईल असा पूर धरून पुलाची जागा ठरवतात. पण पन्नास वर्षं कुठली धरायची, मागची की पुढची?

पुलाच्या खांबावर धोक्याची लाल खूण रंगवलेली असते. पाणी तिथे टेकलं की गाडी थांबवायची, हे पावसाळी गस्तवाल्याला पाठ असतं. पण पाणी पुलाखालूनच येईल असा काही करार नसतो. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री हरद्याजवळ कामायनी आणि जनता, दोन्ही गाड्या घसरल्या, कारण अचानक आलेल्या लोंढ्याने लाईनखालची माती नेली होती. १ सप्टेंबर २०२४ ला तेलंगणात केसमुद्रमजवळ गिट्टी आणि भराव वाहून गेला, रूळ स्लीपरसकट हवेत लोंबकळत राहिले. ती आपली दक्षिणेची लाईन, तेव्हा चेन्नईच्या गाड्यांची वाट बघत नागपूर स्टेशनवर लोक बसून होते. तिथे गाडी वेळेत थांबली, म्हणून ती बातमी फक्त फोटोंची झाली.

मला झोपेतून उठवणारं नाव मात्र वलिगोंडा. २९ ऑक्टोबर २००५, आंध्रातला तेव्हाचा नलगोंडा जिल्हा. वरचा तलाव फुटला, त्याच्या लोंढ्यात रेल्वेचा छोटा पूल गेला आणि डेल्टा फास्ट पॅसेंजर अंधारात त्यात पडली. एकशे चौदा माणसं. पुलात दोष नव्हता. तलाव रेल्वेचा नव्हता, रेल्वेच्या हद्दीतही नव्हता. म्हणून रेल्वेला बाधक तलावांची यादी ठेवतात आणि पावसाळ्याआधी राज्याच्या खात्यांबरोबर संयुक्त पाहणी करायची असते. आता आपला पूर्व विदर्भ नजरेसमोर आणा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे मामा तलाव, माजी मालगुजारांचे, हजारोंनी. किती जुनी पाळ, कुठे झाडांची मुळं शिरलेली, कुठे सांडव्यावर कुणी अतिक्रमण केलेलं. तलावाचा गाळ काढला की फोटो निघतो. पाळीचं काय झालं ते विचारायला कोणी येत नाही. त्या पाहणीच्या कागदावर कोणी किती मनापासून सही करतो, यावर खालून जाणाऱ्या गाडीचं भवितव्य ठरतं. मी अशा पाहण्यांना गेलो आहे. दुपारचं जेवण झाल्यावर सह्यांचा वेग वाढतो.

आणि आमची काळी. वर्ध्यापासून बडनेऱ्यापर्यंत कापसाची काळी जमीन, शेतकऱ्याला सोनं आणि आम्हाला डोकेदुखी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. फुगली की गिट्टीचे खडे तिच्यात रुततात, खड्ड्यात पाणी साचतं, गाडी गेली की चिखल वर पिचकारतो आणि लाईन बसते. ऊन जास्त कडक आणि पाऊस जास्त अचानक झाला की हे फुगणं-आक्रसणं दोन्हीकडून वाढतं. उपाय माहीत आहेत: मातीवर चांगल्या भरीचा जाड थर, जाळी, कापड, आणि बाजूच्या नाल्या मोकळ्या. पहिले तीन पैशाने होतात. नाली फावड्याने होते आणि दरवर्षी करावी लागते, म्हणून तीच राहून जाते.

शीर्षकातल्या मुद्द्यावर येतो. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड आली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. त्यानंतर तिथे डोंगर बांधून काढले, जाळ्या लावल्या, पर्जन्यमापक, पुलांवर पूर सांगणारी यंत्रं, उंच पुलांवर वारा मोजणारी. आणि दरवर्षी जूनपासून पावसाळी वेळापत्रक. वेग कमी, जोराचा पाऊस असेल तर चाळीसने चालवा असा सरळ आदेश. मुंबईचा चाकरमानी ते वेळापत्रक बघून तिकीट काढतो. गाडी उशिरा आली असं तिथे कोणी म्हणत नाही, पावसाळ्यात ती तेव्हाच येते हे ठरलेलं आहे. ऋतू त्यांनी कागदावर मान्य केला.

आमचा उन्हाळा कोणी मान्य करायचा? महापालिका सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधते. पोलीस दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, म्हणजे दुचाकीवाल्याला उन्हात उभं राहावं लागू नये. शाळांच्या वेळा बदलतात. रेल्वेचं वेळापत्रक मात्र जानेवारीत आणि मे महिन्यात तेच. त्यामुळे रूळ तापला की आयत्या वेळी कॉशन, म्हणजे वेग कमी करायचा आदेश, आयत्या वेळी ब्लॉक नाकारणं, आणि गाडी 'लेट'. ड्रायव्हर, कंट्रोलर, मेट, सगळे एकमेकांवर चिडलेले.

माझं म्हणणं एवढंच की एप्रिल ते मान्सून येईपर्यंत मध्य भारतातल्या लाईनींना वेगळं वेळापत्रक असावं. दुपारी बारा ते पाच धावणाऱ्या गाड्यांना थोडा जादा वेळ आधीच धरलेला. आणि प्रत्येक सेक्शनला पहाटेचे सलग तीन-चार तास ठरलेला ब्लॉक. मागून मिळणारा नको, छापलेला हवा. छापलेला असला की तो काढून घेताना कोणालातरी कारण लिहावं लागतं.

यावर ऑपरेटिंगवाले काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, आयुष्यभर ऐकलंय. पहाटेच तर मुंबईच्या दुरांतो आणि विदर्भ नागपूरकडे येत असतात, त्यामागे बाकीच्यांची रांग. त्यांचं खरं आहे. म्हणजे आपल्यालाही काही सोडावं लागेल. विदर्भ एक्सप्रेस मे महिन्यात चाळीस मिनिटं उशिरा पोहोचणार, आणि तसं तिकिटावरच लिहिलेलं असणार, हे चालेल का? मला चालेल. तिसरी-चौथी लाईन जसजशी पूर्ण होईल तसं हे सोपं होत जाईल. एक लाईन बंद ठेवून दुसरीवरून गाड्या काढता येतात. पण नवी लाईन झाली की तिच्यावरही नव्या गाड्या सोडायचा मोह होणार. नागपूर-बिलासपूर वंदे भारत डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा मीही कौतुकाने बघायला गेलो होतो. वेग जितका वाढतो तितकी लाईनमधली बारीक चूकही महाग पडते, आणि ती चूक काढायला ब्लॉक लागतोच.

दुपारी गाडीत बसणाऱ्या माणसाचाही यात विचार आहे. जून २०१९ मध्ये केरळ एक्सप्रेसच्या स्लीपर डब्यात चार वयस्कर यात्रेकरू झाशीच्या आसपास उष्णतेने गेले. आग्र्याहून घरी परतत होते. तीच गाडी पुढे नागपूरवरून जाते. पत्र्याचा डबा, भर दुपार, आणि गाडी कुठेतरी आउटरला उभी. उभी गाडी तापते तेवढी चालती तापत नाही. वेळापत्रकातच वेळ धरलेला असेल तर गाडी आउटरऐवजी छपराखाली, नळाशेजारी उभी करता येते.

ट्रॅक मेंटेनरच्या पाण्याचं, सावलीचं, बुटांचं मी इथे लिहीत नाही, त्यावर वेगळं लिहीन, कारण त्याला राग बराच लागेल.

नागपुरात रेल्वेची दोन विभागीय कार्यालयं आहेत, मध्य रेल्वेचं आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. दोन्हीकडे प्रवाशांच्या सल्लागार समित्यांच्या बैठका होतात. व्यापारी संघटनांचे, प्रवासी संघटनांचे लोक येतात, आणि नव्वद टक्के वेळ आमच्या गावाला थांबा द्या यात जातो. थांबा मागा, हक्क आहे. पण वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या समितीवर असाल किंवा कोणाला ओळखत असाल, तर पुढच्या बैठकीत एक प्रश्न विचारा: मागच्या मे महिन्यात आमच्या सेक्शनने सकाळी नऊच्या आतला किती तास ब्लॉक मागितला होता, आणि त्यातला किती मिळाला? तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा. आलं की मला पाठवा, बेरीज मी करतो.